सोलापूर ते हायटेक सिटी : एमबीए-बीबीएच्या अभ्यासदौऱ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हैदराबादच्या आयटी कंपन्या आणि स्टार्टअप बघायला दोन-तीन दिवसांचा दौरा ठरवणारे विद्यार्थी, वर्गप्रतिनिधी आणि सोबत जाणारे शिक्षक यांच्यासाठी ही माहिती आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. कंपनीच्या इमारतीत तासभर फिरून, कँटीन बघून आणि पीपीटी ऐकून हाती फारसं काही लागत नाही. सोलापुरातून नेमका प्रश्न घेऊन गेलात, तर समोरचा माणूस ठरलेली स्लाइड बाजूला ठेवून बोलू लागतो. म्हणून प्रवासाइतकंच इथे अभ्यासाबद्दलही लिहिलं आहे.

पुणे जवळ आहे, बंगळूर मोठं आहे. मग हैदराबादच का?

हिंजवडी आपल्या मुलांना अनोळखी नाही. कोणाचा तरी भाऊ किंवा बहीण तिथे नोकरीला असतेच. बंगळूर सहाशे किलोमीटरच्या पुढे, त्यामुळे जाण्या-येण्यातच दोन रात्री जातात. हैदराबाद साधारण तीनशे किलोमीटरवर आहे आणि तिथे एकाच पट्ट्यात वेगवेगळ्या जातीच्या कंपन्या बघायला मिळतात.

माधापूरला १९९८ मध्ये सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं. तिथून हायटेक सिटी वाढत रायदुर्ग, गच्चीबावली, नानकरामगुडापर्यंत गेली. मायक्रोसॉफ्टचं भारतातलं डेव्हलपमेंट सेंटरही १९९८ पासून याच शहरात आहे. सरकारच्या पुढाकाराने २०१५ मध्ये टी-हब हे नव्या स्टार्टअपना आधार देणारं केंद्र सुरू झालं आणि २०२२ मध्ये ते रायदुर्गच्या नव्या इमारतीत गेलं. स्त्री उद्योजकांसाठी २०१८ पासून वी-हब आहे, आणि वस्तूचा पहिला नमुना तयार करण्यासाठी २०२३ पासून टी-वर्क्स. व्यवसाय शिकणाऱ्या मुलांना सेवा कंपनी, परदेशी कंपनीचं स्वतःचं केंद्र आणि नुकतं उभं राहिलेलं स्टार्टअप हे तिन्ही दोन दिवसांत बघता येतात, हे हैदराबाद निवडण्याचं खरं कारण.

तयारीला किती आधी लागायचं?

किमान दहा आठवडे. पहिले दोन आठवडे तारीख, वर्गाची यादी आणि प्राचार्यांची मंजुरी यात जातात. त्यानंतर लगेच कंपन्यांना ईमेल पाठवा. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, पूर्वी १२० दिवस होतं), म्हणजे त्या दिवशी नावं पक्की हवीत. सगळ्यात जास्त दौरे इथेच घसरतात. "येणार का?" विचारलं की साठ हात वर होतात आणि पैसे भरायच्या दिवशी पस्तीस जण उरतात. परत न मिळणारी आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय यादी पक्की धरू नका.

कोणत्या तारखा टाळाव्यात?

संक्रांतीचा आठवडा अजिबात नको. इकडे सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा असते, निम्मा वर्ग यायलाच तयार होत नाही. तिकडे हैदराबादचे लोक सणाला गावी गेलेले असतात आणि रस्ते, गाड्या, टोलनाके भरून वाहतात. डिसेंबरचा शेवटचा आठवडाही नको, कारण अमेरिकेतले ग्राहक सुट्टीवर असतात आणि ऑफिसं थंड असतात. मार्चअखेर हिशेबाच्या धावपळीत तुमच्यासाठी कोणाला वेळ नसतो.

वार निवडताना मंगळवार ते गुरुवार धरा. बऱ्याच कंपन्यांत आठवड्यातले काही दिवस घरून काम चालतं आणि सोमवार-शुक्रवारी मजले रिकामे दिसतात. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारी हे सर्वांत सोयीचे.

कंपनीची परवानगी कशी मिळवायची? आम्ही ईमेल पाठवतो, उत्तरच येत नाही.

कारण तो ईमेल वेबसाइटवरच्या सामाईक पत्त्यावर गेलेला असतो आणि त्यात "आपल्या नामांकित कंपनीस औद्योगिक भेट देण्याची इच्छा आहे" एवढंच असतं. तो वाचणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळत नाही.

आधी माणूस शोधा. आपल्या कॉलेजचे, शेजारच्या कॉलेजचे, वालचंदसारख्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून बाहेर पडलेले सोलापूरचे कितीतरी जण हैदराबादेत आहेत. लिंक्डइनवर शहर आणि कॉलेज टाकून शोधलं की नावं दिसतात. आतल्या माणसाने एचआरला ईमेल पुढे पाठवला की काम निम्मं झालं. टी-हबसारख्या ठिकाणी मात्र थेट भेटींची व्यवस्था बघणाऱ्यांशी बोलावं.

ईमेल कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावरून आणि प्राध्यापकांच्या नावाने जावा, सोबत लेटरहेडवरचं पत्र. मजकुरात एवढं हवं: अभ्यासक्रम आणि वर्ष, विद्यार्थ्यांची नेमकी संख्या, दोन पर्यायी तारखा, किती वेळ हवा (दीड तास मागा, तीन तास मागू नका), कोणत्या विभागातल्या माणसाशी बोलायचं आहे आणि कशाबद्दल. शेवटचा मुद्दा निर्णायक आहे. "आम्हाला कंपनी बघायची आहे" याऐवजी "लहान कारखानदारांना सॉफ्टवेअर विकताना दर कसा ठरवता, हे विक्री विभागातल्या व्यक्तीकडून समजून घ्यायचं आहे" असं लिहिलं, की एचआरला कोणाला बोलवायचं ते कळतं.

आठवड्याने एक आठवण, त्यानंतर फोन. तीन भेटी हव्या असतील तर आठ-दहा ठिकाणी विचारा. मोठ्या नावाच्या एकाच कंपनीसाठी अडून बसणं बरोबर नाही. पन्नास माणसांच्या कंपनीत संस्थापक स्वतः तासभर बोलतो, हे मोठ्या कॅम्पसमध्ये क्वचित घडतं.

एका दिवसात किती भेटी ठेवाव्यात?

दोन. एक सकाळी साडेदहाला, दुसरी दुपारी अडीचला. तिसरी ठेवलीत तर ट्रॅफिकमुळे तिथे उशिरा पोचाल आणि पुढच्या वर्षी त्या कंपनीचं दार आपल्या कॉलेजला बंद होईल. मोठ्या कॅम्पसमध्ये चाळीस जणांना गेटमधून आत जायलाच पाऊण तास लागतो, तोही धरा.

रेल्वेने जावं की बसने?

चाळीसच्या आसपास विद्यार्थी असतील तर बस सोयीची, कारण शहरात फिरायलाही तीच वापरता येते. राष्ट्रीय महामार्ग ६५ नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद, संगारेड्डी असा थेट जातो. थांबे धरून सहा-सात तास. हा रस्ता हैदराबादेत पश्चिमेकडून शिरतो आणि आयटी पट्टाही पश्चिमेलाच आहे. त्यामुळे जुन्या शहरात जायची गरजच पडत नाही. पटानचेरूजवळ बाह्य वळणरस्ता धरला की गच्चीबावली येते.

बसच्या बाबतीत अडतं ते परमिट. रस्ता महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणा अशा तीन राज्यांतून जातो. गाडीला अखिल भारतीय पर्यटन परमिट आहे का, याची प्रत ट्रॅव्हल्सवाल्याकडून आधीच मागून घ्या. नसेल तर दोन्ही राज्यांचा तात्पुरता परवाना आणि कर कोण भरणार, ते करारात लिहून घ्या. तोंडी ठरलं, तर हुमनाबादच्या आसपास गाडी बाजूला घेतली जाते आणि सकाळची भेट हुकते. प्रवाशांच्या यादीच्या दोन प्रती चालकाकडे द्या. रात्रभर गाडी चालवून तोच चालक दिवसभर शहरात फिरवणार असेल तर करार करू नका, दुसरा चालक मागा.

रेल्वे स्वस्त आहे. गाडी कलबुर्गी, वाडी, तांडूर, विकाराबाद करत जाते. तिकीट काढण्याआधी शेवटचं स्टेशन नीट वाचा. हैदराबाद म्हणजे नामपल्ली. सिकंदराबाद वेगळं, आणि २०२५ मध्ये सुरू झालेलं चर्लपल्ली टर्मिनल तर शहराच्या पार पूर्वेला, हायटेक सिटीच्या विरुद्ध टोकाला आहे. गाडी लिंगमपल्लीला थांबत असेल तर तिथेच उतरा. हायटेक सिटी तिथून नऊ-दहा किलोमीटरवर आहे आणि एमएमटीएस लोकलही मिळते.

रेल्वेत विद्यार्थी सवलत मिळते का?

मिळते. मार्च २०२० मध्ये बऱ्याच सवलती बंद झाल्या, पण विद्यार्थ्यांची चालू राहिली. शैक्षणिक सहलीसाठी सेकंड क्लास आणि स्लीपरच्या भाड्यात सर्वसाधारण प्रवर्गाला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के. त्यासाठी रेल्वेच्या ठरावीक नमुन्यात प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र लागतं आणि तिकीट खिडकीवरच काढावं लागतं. तत्काळमध्ये सवलत नाही. शताब्दीसारख्या गाडीत फक्त एसी वर्ग असतात, तिथेही नाही.

एका फॉर्मवर सहाच प्रवासी बसतात. मोठ्या गटासाठी कॉलेजच्या पत्रासह आधी मुख्य आरक्षण पर्यवेक्षकांना भेटा. सोलापूर हे मध्य रेल्वेचं विभागीय मुख्यालय असल्यामुळे पुढची मंजुरी लागली तरी ती गावातच मिळते, ही आपली मोठी सोय आहे.

ऐनवेळी एखादा विद्यार्थी गळला तर त्याच्या जागी दुसरा जाऊ शकतो का?

हो. गाडी सुटण्याच्या किमान ४८ तास आधी प्राचार्यांनी लेखी विनंती केली, तर त्याच संस्थेच्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या नावावर जागा करून मिळते. एका तिकिटावर हा बदल एकदाच होतो आणि गटाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नावं बदलत नाहीत. फारच कमी कॉलेजांना हे माहीत असतं.

वर्गणी किती काढावी?

आकडा तुमच्या कोटेशनवर ठरेल, पण पद्धत चुकवू नका. बस, शिक्षकांची व्यवस्था, टोल आणि पार्किंग हे ठरलेले खर्च. माणसं कमी झाली तरी ते कमी होत नाहीत. जेवण, खोली आणि मेट्रो हे डोईप्रमाणे. समजा बस ९०,००० रुपयांना ठरली. ४५ जण आले तर प्रत्येकी २,०००, आणि ३६ आले तर २,५००. वर्गणी नेहमी कमी संख्येवर काढावी आणि उरले तर परत द्यावेत. उलट केलं तर निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा पैसे मागायची वेळ येते. एकूण रकमेच्या १० टक्के वेगळे ठेवा. हिशेब वर्गातल्याच दोघांनी ठेवावा आणि परतल्यावर आठवड्यात सगळ्यांसमोर मांडावा.

राहायचं कुठे?

मियापूर, कोंडापूर किंवा माधापूर. नामपल्ली-लकडीकापूलकडे खोल्या स्वस्त मिळतात, पण सकाळी साडेआठनंतर तिथून हायटेक सिटी गाठायला सव्वा-दीड तास सहज जातो. गट लहान असेल तर मेट्रोजवळ राहा. मियापूर लाल मार्गिकेवर आहे, अमीरपेटला निळी मार्गिका पकडायची आणि हायटेक सिटी किंवा रायदुर्गला उतरायचं. अमीरपेटला बाहेर पडलात तर गल्लोगल्ली संगणक प्रशिक्षण वर्गांच्या पाट्या दिसतील. बाजाराला कोणतं कौशल्य हवंय, हे त्या पाट्या वाचून बरंचसं कळतं, तेव्हा अर्धा तास तिथे द्या.

गेटवर नेमकं काय अडतं?

नाव. आपल्याकडे हजेरीपटावर आडनाव आधी असतं: पवार स्नेहा महादेव. आधारवर स्नेहा महादेव पवार, आणि कोणाच्या आधारवर वडिलांचं नावच नसतं. कॉलेजने हजेरीपट जसाच्या तसा पाठवला की कंपनीच्या व्हिजिटर सिस्टीममध्ये तीच नावं जातात आणि गेटवरचा सुरक्षारक्षक ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर ताडून बघतो. स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी त्या विद्यार्थ्याला बाजूला उभं करतात आणि त्याच्यामागे सगळा गट थांबतो.

उपाय सोपा आहे. यादी आधार समोर ठेवून बनवा आणि प्रत्येकाकडून स्वतःच्या नावापुढे सही घ्या. मूळ आधार किंवा मतदार ओळखपत्र सोबत हवं, कॉलेजचं आयकार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही. काही कंपन्या प्रत्येकाच्या मोबाइलवर ओटीपी किंवा क्यूआर कोड पाठवतात, म्हणून यादीतला नंबर चालू हवा आणि फोन चार्ज केलेला.

लॅपटॉप, पेनड्राइव्ह, कॅमेरा?

लॅपटॉप खोलीवरच ठेवा. अनेक कॅम्पस विशेष आर्थिक क्षेत्रात येतात, तिथे आत नेलेल्या प्रत्येक लॅपटॉपचा सीरियल नंबर नोंदवावा लागतो. पेनड्राइव्ह बहुधा गेटवर जमा करून घेतात. वही-पेन पुरे. फोटो फक्त सांगितलेल्या जागी. पांढऱ्या फळ्यावर लिहिलेलं आणि कोणाच्याही स्क्रीनवरचं कधीही टिपू नका. गोपनीयतेच्या कागदावर सही मागितली तर आधी वाचा आणि कॉलेजच्या अहवालात काय लिहिलेलं चालेल, ते तिथेच विचारून घ्या.

आम्हाला कोडिंग येत नाही. तिथे काय कळणार?

कोडिंगची गरज नाही. कंपनी पैसे कशी मिळवते ते कळायला हवं. त्याचे दोन ढोबळ प्रकार सोलापूरकराला समजावून सांगायला वेळ लागत नाही. एमआयडीसीत एखादा कारखाना दुसऱ्याच्या ऑर्डरवर, मजुरीने टॉवेल विणून देतो. दुसरा स्वतःच्या लेबलने चादर विकतो. पहिला म्हणजे सेवा कंपनी, दुसरा म्हणजे प्रॉडक्ट कंपनी. तिसरा प्रकार म्हणजे ग्लोबल कॅपॅबिलिटी सेंटर. परदेशी कंपनी इथे स्वतःचीच माणसं नेमून स्वतःचंच काम करून घेते. तिथे बाहेरचा ग्राहक नसतो, त्यामुळे "तुमची विक्री किती?" हा प्रश्न तिथे गैरलागू ठरतो.

जाण्याआधी कोणतं गणित येणं आवश्यक आहे?

दोन उदाहरणं हाताने सोडवून जा. आकडे कल्पित आहेत, रीत खरी आहे.

सेवा कंपनी: १०० इंजिनिअर, महिन्याला प्रत्येकी १६० तास, म्हणजे १६,००० तास. यातले ७५ टक्के तास ग्राहकाच्या बिलात गेले तर १२,०००. ताशी १,५०० रुपये दराने १ कोटी ८० लाख. हेच प्रमाण ८० टक्के झालं तर १ कोटी ९२ लाख. पगार तेवढेच, माणसं तेवढीच, आणि महिन्याला १२ लाख जास्त. बेंचवरच्या, म्हणजे बिलात न जाणाऱ्या माणसांची कंपनीला एवढी काळजी का असते, ते इथे कळतं.

वर्गणीवर सॉफ्टवेअर विकणारी कंपनी: १,००० ग्राहक, महिन्याला प्रत्येकी २,००० रुपये, म्हणजे २० लाख. दर महिन्याला ३ टक्के सोडून गेले तर ग्राहक सरासरी ३३ महिने टिकतो. सेवा पुरवण्याचा खर्च जाऊन ७० टक्के उरत असतील तर एका ग्राहकामागे महिन्याला १,४०० आणि एकूण सुमारे ४६,००० रुपये. तो मिळवायला १२,००० खर्च झाले असतील तर ते साडेआठ महिन्यांत वसूल होतात. आता गळती ६ टक्के करून बघा. ग्राहक १७ महिनेच टिकतो आणि ४६,००० चे जवळपास निम्मे होतात. हे एकदा करून गेलेल्या मुलाला चर्न, म्हणजे ग्राहकांची गळती, हा शब्द पाठ करावा लागत नाही.

कोणते प्रश्न विचारावेत?

प्रत्येक गटाने सोलापुरातला एक खरा धंदा निवडावा: टेरी टॉवेलचा कारखाना, डाळिंबाचा व्यापारी, बाजार समितीतला कांद्याचा अडत्या, गारमेंटचं युनिट. जाण्याआधी तिथे अर्धा दिवस बसा आणि उधारी कशी लिहितात, माल कसा मोजतात, ऑर्डर कुठून येते ते बघा. मग हैदराबादेत विचारा: असा माणूस तुमचं सॉफ्टवेअर का विकत घेत नाही? त्याला किती रुपये परवडतील? शिकवायला कोण जाणार? पहिल्या तीन महिन्यांत तो वापरणं बंद का करतो?

डार्विनबॉक्ससारखी कंपनी २०१५ मध्ये हैदराबादेत सुरू झाली आणि मनुष्यबळ व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर विकून मोठी झाली. अशा कंपनीबद्दल वाचलं असेल तर "पहिले दहा ग्राहक कसे मिळवले?" हा प्रश्न कोणत्याही स्टार्टअपला विचारता येतो आणि संस्थापक त्यावर मनापासून बोलतात.

पगार किती, सुट्ट्या किती, फ्रेशर घेता का, हे सगळ्यांसमोर पहिल्याच मिनिटाला विचारू नका. आणि कंपनीच्या वेबसाइटवर लिहिलेलं आहे ते तर अजिबात नको.

कपडे कसे असावेत?

साधे फॉर्मल, बंद बूट. ब्लेझर सक्तीचा करून मुलांना खर्चात पाडू नका, तिथले निम्मे लोक टी-शर्टमध्ये असतात. एसीत थंडी वाजते, एक पातळ स्वेटर ठेवा.

भाषेची अडचण येईल का?

कंपनीत इंग्रजी. रिक्षा, दुकान, हॉटेलात दखनी वळणाचं हिंदी, जे आपल्या कानाला परकं नाही. आणि सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी मुलं वर्गात असतीलच. प्रत्येक छोट्या गटात त्यांतला एक जण ठेवा, दर ठरवण्यापासून पत्ता विचारण्यापर्यंत सगळं सोपं होतं.

खाण्याचं काय?

जाताना कडक भाकरी, दपाटे आणि शेंगाची चटणी न्या, म्हणजे पहिल्या दिवशी हॉटेल शोधण्यात वेळ जाणार नाही. चटणी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घ्या. प्लॅस्टिक पिशवीतून तेल पाझरलं की बॅगेतले फॉर्मल कपडे गेलेच समजा. कॅम्पसमध्ये बाहेरचं खाणं नेता येत नाही.

पालक परवानगी देत नाहीत, विशेषतः मुलींना.

पालकांचं म्हणणं रास्त असतं, कारण त्यांना बहुतेक वेळा फक्त तारीख आणि रक्कम कळवलेली असते. एका पानावर सगळं द्या: हॉटेलचं नाव आणि पत्ता, गाडीचा क्रमांक, रोजचा कार्यक्रम वेळांसह, सोबतच्या शिक्षकांचे नंबर. एका शिक्षकामागे पंधरा-वीसपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत आणि सोबत महिला प्राध्यापक हव्यातच. रोज रात्री नऊला हजेरी घेऊन पालकांच्या ग्रुपवर एक ओळ टाका. रक्तगट, चालू औषधं आणि अ‍ॅलर्जी यांची यादी शिक्षकांकडे असावी.

अहवाल कधी लिहायचा?

त्याच संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी दोन्ही कंपन्यांतली माणसं आणि आकडे एकमेकांत मिसळतात. खोलीवर आल्यावर प्रत्येकाने पाच ओळी लिहाव्यात: कंपनी कोणाला काय विकते, पैसे कसे येतात, कोणती गोष्ट अपेक्षेपेक्षा वेगळी निघाली, कोणत्या प्रश्नाला उत्तर टाळलं गेलं, आणि आपल्या सोलापूरच्या धंद्याला यातलं काय लागू पडतं. टाळलेल्या उत्तरांची नोंद जपून ठेवा, वर्गातली चर्चा तिथूनच रंगते.

या दौऱ्यातून इंटर्नशिप मिळते का?

थेट क्वचितच. पण चोवीस तासांच्या आत आभाराचा ईमेल गेला आणि त्यात वक्त्याने सांगितलेल्या एखाद्या मुद्द्यावर नेमकं काही लिहिलेलं असलं, तर उत्तर येतं. चाळीस जणांनी एकाच मजकुराच्या लिंक्डइन रिक्वेस्ट पाठवू नयेत. अहवाल तयार झाला की ज्या कंपन्यांनी वेळ दिला त्यांना आणि ज्या कारखानदाराकडे तुम्ही अर्धा दिवस बसला होता त्यालाही प्रत द्या. कारखानदाराची प्रत मराठीत, दोन पानांत, आणि शक्य असेल तर समोर बसून वाचून दाखवा. उन्हाळ्यातल्या प्रोजेक्टसाठी पहिली जागा बहुतेक वेळा त्याच्याकडेच मिळते.